हात आधी, पाटी नंतर: मुलांबरोबर विज्ञान केंद्रातले तीन दिवस

आदली संध्याकाळ

प्रयोग हाताळून बघता येतात अशा मोठ्या विज्ञान केंद्रात दोन-अडीचशे प्रयोग सहज असतात. एका दिवसात सगळे उरकायचे म्हटलं तर एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. तेवढ्यात मुलं बटण दाबतात आणि पुढच्या बटणाकडे धावतात. म्हणून सहा ते तेरा वयाची पाच मुलं आणि दोन मोठी माणसं अशी ही सहल तीन दिवसांत वाटून घेतली. पहिला दिवस नुसतं हुंदडायचं, दुसरा मोजमापाचा, तिसरा बनवायचा. रोज साडेतीन तासांच्या वर थांबायचं नाही असं ठरवलं होतं. मुलांचे पाय संध्याकाळपर्यंत चालतात, पण लक्ष त्याच्या खूप आधी संपतं.

आदल्या दिवशी केंद्रात फोन करून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: स्थिर विजेचं आणि इतर प्रात्यक्षिकं किती वाजता आहेत, तारांगणाचे खेळ कधी आहेत आणि कुठली दालनं दुरुस्तीसाठी बंद आहेत. शाळांच्या सहली कोणत्या वेळी येतात हेही ते सांगतात. पिशवीत तीन मीटरची मोजपट्टी, वही, पेन्सिली, कागदी चिकटपट्टी, केस बांधायला रबर आणि फोनमधलं स्टॉपवॉच एवढं पुरतं. कपडे लोंबणारे नकोत, कारण फिरणारी चाकं आणि साखळ्या बऱ्याच असतात. बूट बंद आणि रबरी तळाचे हवेत.

नियम दोनच केले. प्रयोगाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने 'काय होईल' ते मोठ्याने सांगायचं. आणि मोठ्यांनी प्रयोगाशेजारची माहितीची पाटी आधी वाचून दाखवायची नाही. दुसरा नियम पाळणं पहिल्यापेक्षा फार अवघड आहे, कारण पाटी दिसली की पालकांची जीभ वळवळते. पण उत्तर आधीच ऐकलेल्या मुलाच्या हाताला शोधायला काही उरत नाही.

पहिला दिवस

दार उघडताच आत गेलो आणि पहिली चार दालनं ओलांडून थेट टोकाच्या दालनात पोचलो. शाळांच्या रांगा दारापाशी सुरू होतात आणि दुपारपर्यंत आतल्या बाजूला सरकतात. आपण उलट्या टोकाकडून निघालो की पहिला दीड तास दालनं जवळजवळ रिकामी मिळतात. हरवलं तर कुठे यायचं याची जागा लंबकाचा गोळा ठरवली, कारण तो सगळ्या मजल्यांवरून दिसत होता. सकाळीच मुलांचा एक फोटो काढून ठेवावा. कोणी दिसेनासं झालं तर अंगात कोणता रंग होता ते घाबरलेल्या माणसाला आठवत नाही.

पहिला थांबा कुजबुजत्या थाळ्यांचा. दालनाच्या दोन टोकांना माणसापेक्षा उंच अशा दोन परवलयी थाळ्या समोरासमोर असतात, मधे वीसेक मीटरचं अंतर. एका थाळीच्या नाभीपाशी, म्हणजे थाळीवर आलेला आवाज जिथे एकवटतो त्या बिंदूपाशी, हळू बोललं तर आवाज थाळीवरून समांतर निघतो आणि दुसऱ्या थाळीच्या नाभीपाशी पुन्हा गोळा होतो. इथे जवळजवळ प्रत्येक मूल तीच चूक करतं: मित्र समोर आहे म्हणून मित्राकडे तोंड करून बोलतं. तोंड थाळीकडे हवं, पाठ मित्राकडे. नाभी कुठे आहे हे दाखवायला बहुतेक ठिकाणी एक कडं लावलेलं असतं. सहा वर्षांच्या मुलीचं डोकं कड्याच्या हातभर खाली राहिलं आणि तिला काहीच ऐकू येईना. स्टुलावर उभी राहताच पलीकडची कुजबुज कानात आली आणि ती दचकून मागे वळली, कोणी मागे उभं आहे का बघायला. मोठ्या मुलांनी मोजपट्टी काढली. थाळीचा व्यास 2 मीटर, मधली खोली 50 सेंटिमीटर. त्रिज्येचा वर्ग भागिले खोलीची चौपट म्हणजे नाभी बरोबर अर्ध्या मीटरवर यायला हवी. कडं तिथेच होतं.

बाजूच्या लांब नळीत टाळी वाजवली की परत येताना तिचा 'प्यूंऽऽ' असा वरच्या पट्टीतून खाली घसरणारा आवाज होतो. टाळीत सगळ्या पट्ट्यांचे आवाज असतात. नळीत वरच्या पट्टीचे आवाज जवळजवळ सरळ जातात, खालच्या पट्टीचे भिंतींवर जास्त आपटत, नागमोडी जातात. सरळ आलेले आधी पोचतात, आपटत आलेले मागून. नळी 30 मीटरची असेल तर आवाजाचा जाऊन-येऊन प्रवास 60 मीटर, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. ओरडून उपयोग नाही, कारण लांब आवाज आपल्याच प्रतिध्वनीवर चढतो. छोटा, तुटक आवाज करायचा.

गोठलेल्या सावलीच्या खोलीत मुलं सगळ्यात जास्त वेळ रमली. भिंतीवर प्रकाश साठवणारा रंग असतो. झगमगाट झाला की तो उजळतो आणि जिथे अंग आड आलं तिथे काळी सावली उरते. सावली धूसर आली तर मूल भिंतीपासून लांब होतं असं समजावं. हात जवळजवळ टेकलेला असला तर बोटं सुटी दिसतात. झगमगाटाने झटके येण्याचा त्रास असलेल्या मुलाला मात्र या खोलीत नेऊ नये.

मग तारांगण. ते दुपारच्या जेवणाआधीच घ्यावं, जेवणानंतर अंधारात मुलं झोपतात. घुमटाखाली मागच्या रांगा चांगल्या, पुढे बसलं की मान दुखते.

निघण्यापूर्वी लंबकापाशी आलो. लेऑं फूकोने 1851 मध्ये पॅरिसच्या पाँथेऑनमध्ये 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा टांगून पृथ्वी फिरते हे लोकांना दाखवलं. ध्रुवावर लंबकाच्या झोक्याची दिशा 24 तासांत पूर्ण फेरी करते. विषुववृत्तावर ती वळतच नाही. मधे कुठेही तासाला 15 अंश गुणिले अक्षांशाची साइन इतकी वळते. 30 अंशांवर ती साइन अर्धी, म्हणून तासाला साडेसात अंश.

पण हे सांगायच्या आधी मुलांना दहा मिनिटं जमिनीवर बसू दिलं. लंबकाचं टोक जिथून मागे फिरतं तिथे कठड्याच्या बाहेरून डोळ्यांनी खूण धरायची आणि कठड्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. 30 अंश अक्षांशावर, मध्यापासून 2 मीटरवर दहा मिनिटांत हा फरक साधारण साडेचार सेंटिमीटर पडतो. एवढा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो, फक्त खूण धरताना डोकं दर वेळी एकाच जागी हवं. लंबक दोन-तीन झोक्यांपुरता पाहून पुढे जाणाऱ्यांना काहीच दिसत नाही आणि त्यांना तो शोभेचा वाटतो. पहिल्या दिवशी एकच गोष्ट नीट करायची असेल तर ही करावी.

तारेच्या वरच्या टोकाकडेही मुलांचं लक्ष वेधायला हवं. हवेच्या अडथळ्याने गोळा काही तासांत थांबला असता, म्हणून तिथे विद्युतचुंबक प्रत्येक झोक्याला हलकासा रेटा देतो. जवळच एक कडं असतं. तार त्याला निसटती टेकते आणि आडवी डोलणूक मरते. हे कडं नीट बसलेलं नसेल तर गोळा लंबवर्तुळात फिरायला लागतो आणि दिशा चुकीच्या वेगाने वळते. गोळा सोडतानाही हाताने सोडत नाहीत. दोऱ्याने बाजूला बांधून ठेवतात आणि दोरा जाळतात, म्हणजे कुठल्याच बाजूला धक्का लागत नाही.

दुसरा दिवस

मोजमापाचा दिवस लंबकापासूनच सुरू केला, कारण छताला हात न लावता तारेची लांबी काढता येते. एका झोक्याला लागणाऱ्या सेकंदांचा वर्ग करून चाराने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं, जवळजवळ अचूक. झोका म्हणजे जाऊन-येऊन. एकच झोका मोजू नये, बटण दाबायला बोटाला लागणारा वेळ सगळी चूक त्यातच घालतो. दहा झोके मोजून दहाने भागायचं.

दोन गटांनी मोजलं. एकाला 80 सेकंद आले, दुसऱ्याला 72. म्हणजे एकाच्या मते तार 16 मीटर, दुसऱ्याच्या मते 13. घड्याळं तपासली, ती सारखी होती. मग दुसऱ्या गटाला मोठ्याने मोजायला लावलं. घड्याळ सुरू करताना त्यांनी 'एक' म्हटलं होतं, म्हणून 'दहा' येईपर्यंत झोके नऊच झाले. सुरुवात 'शून्य' म्हणून करायची. हा घोटाळा शाळेच्या प्रयोगशाळेतही नेहमी होतो, आणि इथे तो मुलांनी स्वतः पकडला. हेच सूत्र पाँथेऑनच्या 67 मीटरना लावून पाहिलं तर झोका साडेसोळा सेकंदांच्या थोडा आत येतो.

तांब्याच्या नळीतून चुंबक सोडायचा प्रयोग सगळीकडे असतो आणि बहुतेक लोक तो 'हळू पडतो, गंमत आहे' म्हणून सोडून देतात. त्याला पंधरा मिनिटं द्या. नळी एक मीटरची असेल तर लोखंडाचा तुकडा अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येतो. तेवढ्याच आकाराचा ताकदवान चुंबक काही सेकंद घेतो. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे आधी मुलांच्या हाताने तपासून घ्यावं, नाहीतर 'चिकटत चिकटत येतो' असाच निष्कर्ष निघतो. चुंबक खाली सरकतो तसं नळीच्या भिंतीत गोल फिरणारे विजेचे प्रवाह तयार होतात आणि ते चुंबकाला विरोध करतात. शेजारी उभी चीर पाडलेली नळी ठेवलेली असेल तर तीही करून पाहायची. चिरेमुळे मोठे गोल प्रवाह तुटतात आणि चुंबक भरभर उतरतो, तरी लोखंडाइतका भरभर नाही. मग जाड भिंतीची नळी: तिथे तो आणखी रेंगाळतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त मुलांच्या अंगी सगळ्यात लवकर इथे येते.

कप्प्यांच्या खुर्च्यांपाशी रांग होती. तीन खुर्च्या, प्रत्येकीला कप्प्यांची संख्या वेगळी. 'जास्त कप्प्या, कमी ताकद' एवढं मुलांना चटकन कळतं. त्या सवलतीची किंमत मात्र दिसत नाही, कारण दोर किती ओढला याकडे कोणी बघत नाही. दोरावर हाताशी चिकटपट्टीची खूण केली आणि खुर्ची मोजपट्टीने अर्धा मीटर वर नेली. चार पदरांच्या खुर्चीला खूण दोन मीटर सरकली. ताकद चौथाई, अंतर चौपट. प्रत्यक्षात ताकद चौथाईपेक्षा थोडी जास्तच लागते, कप्प्यांच्या घर्षणामुळे. आणखी एक बारकावा: एकाच कप्पीच्या खुर्चीत बसून स्वतःच दोर ओढला तर निम्मी ताकद पुरते, कारण वजन दोन पदरांवर वाटलं जातं. खाली उभ्या माणसाने ओढला तर पूर्ण वजन त्याच्यावर. हे करून बघेपर्यंत बाराव्या वर्षाचं मूलही मानत नाही.

घसरगुंड्यांच्या शर्यतीत एक पट्टी सरळ होती, एक सुरुवातीलाच खोल जाणाऱ्या वक्राची. सगळ्यांनी सरळ पट्टीवर बोट ठेवलं, कारण ती आखूड. वक्र पट्टीचा गोळा जिंकला. योहान बेर्नुलीने 1696 मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे हाच प्रश्न ठेवला होता, आणि उत्तर होतं सरळ रेषेवर घरंगळत जाणाऱ्या चाकाच्या कडेवरचा बिंदू आखतो तो वक्र. सुरुवातीचा तीव्र उतार वेग आधीच मिळवून देतो, मग लांब वाट परवडते. याच वक्रावर दोन गोळे वेगवेगळ्या उंचीवरून एकदम सोडले तर तळाशी एकदम पोचतात. गोळे हाताने सोडू नका, दोन्हींना एकच अडसर लावून तो उचला. पट्टीत धूळ असली तर निकाल बिघडतो, फडक्याने पुसून घ्यावी.

फिरत्या स्टुलावर बसून हातातलं फिरतं चाक उलटं करायचा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा पायांमुळे. पाय जमिनीला टेकले की स्टूल वळत नाही. चाक जोरात फिरवून दुसऱ्याने द्यायचं, दोन्ही मुठींनी आस धरायची, हात छातीपासून लांब. उतरताना स्टूल पूर्ण थांबू द्यावं.

दुपारी व्हॅन डी ग्राफचं, म्हणजे स्थिर वीज साठवणाऱ्या यंत्राचं, प्रात्यक्षिक. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफने पहिलं यंत्र 1929 मध्ये केलं. आत रबरी पट्टा फिरतो, खालच्या कंगव्याकडून विद्युतभार उचलतो आणि वरच्या पोकळ गोलावर नेऊन ठेवतो. केस उभे राहण्यासाठी मूल प्लास्टिकच्या पाटावर, यंत्र सुरू होण्याआधीच तळहात गोलावर, दुसरा हात कशालाही न लावता. केस कोरडे, बिनतेलाचे, मोकळे हवेत. तेल किंवा जेल लावलेले केस एकमेकांना चिकटून राहतात. पातळ, सरळ केसांच्या मुलाला पुढे पाठवा. हवा दमट असेल तर गोलावर आणि पट्ट्यावर ओलाव्याचा थर बसून भार गळतो, म्हणून पावसाळ्यात हे प्रात्यक्षिक फिकं होतं. मार्गदर्शक आधी गरम हवेने यंत्र कोरडं करून घेतात, त्यासाठी दहा मिनिटं लागली तर कुरकुर करू नये. हृदयाचा पेसमेकर, इन्सुलिन पंप किंवा कानातलं यंत्र असलेल्यांनी लांब बसावं, फोनही पिशवीत लांब ठेवावेत. यंत्र बंद झाल्यावर गोल जमिनीला जोडला जाईपर्यंत मुलाने हात काढायचा नाही आणि कोणी त्याला शिवायचंही नाही, ठिणगी दोघांना बसते.

उष्णतेच्या कॅमेऱ्यापुढे शेवटची वीस मिनिटं गेली. भिंतीवर पाच सेकंद तळहात दाबला की ठसा दिसतो. चष्मा काळाभोर दिसतो, कारण काच उष्णतेची किरणं अडवते. उलट कचऱ्याची काळी पातळ पिशवी तोंडापुढे धरली तर चेहरा आरपार दिसतो.

तिसरा दिवस

सकाळी कार्यशाळेचं दालन. चित्रं काढणारं यंत्र: दीड व्होल्टचा एक सेल, खेळण्यातली छोटी मोटर, कागदी पेला, तीन स्केचपेनं, रबर, चिकटपट्टी. पेला उपडा करायचा, पेनं पायांसारखी लावायची, मोटर वर बसवायची आणि तिच्या दांड्यावर गोंदकांडीचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मुद्दाम एका टोकाला टोचायचा. तो असमतोल फिरतो म्हणून सगळं यंत्र थरथरत सरकतं. दांडा तुकड्याच्या बरोबर मधोमध घुसला तर यंत्र नुसतं गुणगुणतं, हलत नाही. तुकडा फार लांब असेल तर पेला कलंडतो. यंत्र मधेच बंद पडत असेल तर दहापैकी नऊ वेळा सेलच्या टोकाशी तार सैल झालेली असते. तिथे चिकटपट्टीपेक्षा रुंद रबर चांगलं धरतं. इथे मोठ्यांनी हात पाठीमागे बांधून बसावं. 'का चालत नाही' असं मुलाने विचारलं तर 'वीज कुठून निघून कुठे जाते, बोटाने दाखव' एवढंच म्हणायचं. बोट फिरताना सैल जोड आपोआप सापडतो.

साबणाच्या मोठ्या पापुद्र्याच्या चौकटीपाशी कोरडं बोट लावलं की पापुद्रा फुटतो, ओलं बोट आरपार जातं. द्रव घरी करायचा तर एक लिटर पाण्यात भांड्यांचा द्रव साबण 100 मिलिलिटर आणि ग्लिसरीन 20 मिलिलिटर, फेस न करता हळू ढवळून रात्रभर ठेवायचा. फेस असला की पापुद्रा टिकत नाही. उभा पापुद्रा निथळताना वरून पातळ होत जातो, रंगांचे पट्टे खाली सरकतात आणि सगळ्यात वर काळा पट्टा येतो. तिथे पापुद्रा प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच पातळ झालेला असतो. काळा दिसला की फुटायची वेळ जवळ आली, डोळे जरा मागे घ्यावेत. खालची फरशी नेहमी निसरडी असते.

शेवटी कमानीचे ठोकळे. दोन खिळ्यांना साखळी टांगली की ती जो वक्र घेते, तोच उलटा केला तर दगडी कमान गिलाव्याशिवाय उभी राहते. रॉबर्ट हूकने हे 1675 मध्ये अक्षरांची उलटापालट करून, कोड्यात छापलं होतं. ठोकळ्यांना क्रमांक असतात आणि प्रत्येकाचा कोन वेगळा. आडव्या फळीवर कमान मांडून घ्यायची, दोघांनी मिळून फळी उभी करायची आणि मग फळी काढायची. पहिली कमान पडली. सात आणि आठ क्रमांकांची अदलाबदल झाली होती, त्यामुळे तिथे फट राहिली आणि वजन ठोकळ्यांमधून सरळ उतरण्याऐवजी एका कोपऱ्यावर आलं. दुसरी मांडणी बरोबर होती, पण फळी झटक्यात मागे ओढली आणि वरचे ठोकळे फळीबरोबरच आले. तिसऱ्या वेळी फळीचा वरचा कोपरा आधी बोटभर सुटा केला, क्षणभर थांबून ठोकळे एकमेकांवर दबू दिले आणि मग ती सावकाश काढली. कमान उभी राहिल्यावर वरच्या ठोकळ्यावर तळहाताने सरळ खाली दाबून बघावं, ती आणखी घट्ट होते. बाजूने ढकलायचं झालं तर आधी लहान मुलांना दोन पावलं मागे घ्यावं.